बॉनेटखालचा निळा पाईप

दिवाळी सरली की खुटबावच्या रस्त्यांवर उसाचे राज्य सुरू होते. राहू बेटाकडून, केडगावच्या अंगाने, यवतच्या बाजूने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. कोणी पाटसच्या भीमा कारखान्याकडे, कोणी पाटेठाणच्या श्रीनाथ म्हस्कोबाकडे, कोणी आलेगावच्या दौंड शुगरकडे. बराच ऊस तर शिवारातल्या गुऱ्हाळावरच जातो. अशा दिवसांत एखादा ट्रॅक्टर रस्त्याकडेला बॉनेट उघडून वाफा सोडत उभा राहिला, की नुकसान एकट्या ट्रॅक्टरचे होत नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो, तोडणीची टोळी बसून राहते आणि काट्यावरचा नंबर हुकतो. या सगळ्याच्या मुळाशी पुष्कळदा हातभर लांबीचा एक रबरी पाईप असतो.

अलीकडे पार्टच्या दुकानांत यावर उपाय म्हणून निळ्या किंवा लाल रंगाचा सिलिकॉनचा पाईप पुढे केला जातो. ‘एकदा बसवा, परत बघायला नको,’ असे सांगितले जाते. हे म्हणणे काही जागी पूर्ण खरे आहे, काही जागी निरुपयोगी आहे आणि एक-दोन जागी धोक्याचे आहे. पैसे मोजण्याआधी त्या जागा ओळखता आल्या पाहिजेत.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जाच ओढण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. चाळीस एचपीचा ट्रॅक्टर पूर्ण ताकदीने ओढत असेल, तेव्हा पाण्यात उतरणारी उष्णता अंदाजे २५ किलोवॅट धरता येते. एवढ्या उष्णतेवर दहा लिटर पाणी दोन मिनिटांत उकळेल. ती उष्णता सतत बाहेर फेकत राहणे हे रेडिएटरचे काम. इंजिनाचे पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास गेले की थर्मोस्टॅट उघडतो, गरम पाणी वरच्या पाईपाने रेडिएटरमध्ये येते, निवते आणि वॉटर पंप ते खालच्या पाईपाने परत ओढून घेतो.

हे दोन पाईप लोखंडाचे का नसतात? कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर सारखे थरथरत असते आणि रेडिएटर चेसिसला घट्ट बांधलेला असतो. दोघांमधला दुवा लवचीकच हवा. शिवाय आत नुसते गरम पाणी नसते, दाबाखालचे गरम पाणी असते. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती साधारण एक बारपर्यंत दाब धरून ठेवते. समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळणारे पाणी एक बार जादा दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते आणि हात-चेहरा भाजतो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले, तरी उकळबिंदू खाली येतो आणि पाईप उत्तम असूनही गाडी पाणी फेकते. झाकण पाईपापेक्षा स्वस्त मिळते. तपासताना पहिला हात त्यालाच लावावा.

आता रबराकडे. झाडाच्या चिकाचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचे. १८३९मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून ते तापवण्याची रीत सापडली आणि रबर कामाचे झाले. पण नैसर्गिक रबराच्या लांबलचक साखळीत कार्बनचे दुहेरी बंध राहतात आणि हवेतला ऑक्सिजन, ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. रबराला पडणाऱ्या बारीक आडव्या चिरा बहुधा त्या ओझोनच्या. १९६०च्या दशकात ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर बाजारात आले. कार्ल झिग्लर आणि ज्युलिओ नाट्टा यांनी शोधलेल्या उत्प्रेरकांच्या घराण्यातून ते शक्य झाले. या शोधाला १९६३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ते ऊन, ओझोन आणि गरम पाणी उत्तम सोसते. आज गाडीत येणारा चांगल्या प्रतीचा काळा रेडिएटर पाईप बहुतेक वेळा ईपीडीएमचा असतो. आतून रबर, मध्ये पॉलिएस्टरच्या धाग्याची वीण, वरून पुन्हा रबर. गंधकाने पक्के केलेले ईपीडीएम सुमारे १२५ अंशांपर्यंत टिकून काम करते, पेरॉक्साइडने पक्के केलेले १५० पर्यंत. कूलंटच्या कामाला एवढे पुरते. ‘रबर म्हणजे जुने, सिलिकॉन म्हणजे नवे’ असे मानणारे लोक या काळ्या पाईपावर अन्याय करतात.

तरी पाईप फुटतात. एक कारण उष्णता. ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांना रबर म्हातारे होण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. नव्वद अंशांवर राहायला हवे ते पाणी सतत एकशे दहावर राहू लागले, तर पाईपाचे आयुष्य पाव होते. उसाच्या हंगामात इंजिन जादा गरम राहायला कारणे भरपूर. पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. काट्याच्या रांगेत ट्रॅक्टर तासन्‌तास चालू ठेवून उभे असतात. तेव्हा इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे पंखाही मंद आणि समोरून वारा नाही. मग कच्च्या रस्त्यावरून भरल्या ट्रॉल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढायच्या. यवतहून भुलेश्वराच्या चढाला लागलेली भरलेली गाडीही अशीच तापते. वेग कमी आणि ओढ पूर्ण, यापेक्षा वाईट जोड रेडिएटरला दुसरी नाही. संध्याकाळी रेडिएटरच्या जाळीवर आतून बाहेर अशी हवा मारून पाचट काढणे हा पाईपाचे आयुष्य वाढवण्याचा फुकटचा उपाय आहे.

दुसरे कारण पाणी, आणि ते माझ्या मते या भागात सर्वांत दुर्लक्षित आहे. रेडिएटरला तहान लागली की विहिरीचे, बोअरचे, नाहीतर कालव्याचे पाणी बादलीने ओतले जाते. आपल्या बागायती पट्ट्यातल्या कितीतरी विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. ज्या पाण्याने घरातल्या तांब्याच्या बंबात पांढरा थर चढतो, तेच पाणी इंजिनाच्या पोटात तोच थर चढवते. क्षाराचा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. रेडिएटरच्या बारीक नळ्या आवळत जातात, इंजिन तापते आणि दोष पाईपावर येतो.

या जड पाण्याची आणखी एक करामत आहे. इंजिनाचे ओतीव लोखंड, रेडिएटरचे ॲल्युमिनियम किंवा पितळ आणि मध्ये क्षारयुक्त पाणी, ही विजेच्या सेलची मांडणी झाली. काळ्या पाईपाला मजबुती देण्यासाठी त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी घातलेली असते आणि तिच्यामुळे रबरातूनही थोडी वीज वाहू शकते. मग पाईपाच्या आतल्या अंगाला, विशेषतः टोकांशी, क्लॅम्पच्या जवळ, लांबीच्या दिशेने सूक्ष्म चिरा पडत जातात. पाणी त्या चिरांतून धाग्याच्या विणीपर्यंत पोचते, वीण कमजोर होते आणि एक दिवस चढावर पाईप फाटतो. बाहेरून तो शेवटपर्यंत चांगला दिसतो. याला विद्युत-रासायनिक झीज म्हणतात. ती ओळखण्याची सोपी रीत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना क्लॅम्पच्या लगत पाईप अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबून पाहायचा आणि मग मधोमध दाबून पाहायचा. टोकांशी आत खाचा किंवा भेगा जाणवल्या, किंवा तिथला मऊपणा मधल्यापेक्षा वेगळा वाटला, तर तो पाईप हंगामाची वाट न पाहता बदलावा. पूर्ण मुठीत धरून दाबले तर हा फरक कळत नाही.

तिसरा शत्रू तेल. ईपीडीएम पाण्याला पुरून उरते, पण इंजिन ऑइल आणि डिझेल लागले की फुगते आणि लिबलिबीत होते. पाईप एका बाजूने फुगला असेल, तर आधी वर कुठले ऑइल सील गळते आहे ते शोधायचे. ते न शोधता दहा पाईप बदलले तरी उपयोग नाही.

सिलिकॉनची कुळकथा वेगळी आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि कार्बन यांच्या संयुगांवर दीर्घकाळ काम केले, पण बाजारात त्याचा उपयोग त्यांना दिसला नव्हता. १९४०मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रॉको यांनी सिलिकॉन मूलद्रव्यापासून, तांब्याच्या उत्प्रेरकावर, मोठ्या प्रमाणात ही रसायने बनवण्याची थेट पद्धत काढली. १९४३मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या टर्बोचार्जरमध्ये, नौदलाच्या सर्चलाइटमध्ये सिलिकॉन रबराचे गॅस्केट बसू लागले. जिथे साधे रबर जळून जायचे, तिथे हे टिकले. १९६९मध्ये चंद्रावर ठसे उमटवणाऱ्या बुटांचे तळही सिलिकॉन रबराचेच होते. कच्चा माल म्हणाल तर शुद्ध क्वार्ट्झ. भीमेची वाळू त्या कामाची नाही, ती आपल्या काळ्या कातळाची, बेसाल्टची आहे.

रबराच्या साखळीचा कणा कार्बनला कार्बन जोडून बनतो. सिलिकॉनच्या साखळीचा कणा सिलिकॉन मूलद्रव्य आणि ऑक्सिजन आळीपाळीने जोडून बनतो. हा बंध तोडायला कार्बन-कार्बन बंधापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते. शिवाय कण्यात ऑक्सिजन आधीच बसलेला असल्याने हवेतल्या ऑक्सिजनला तिथे फारसे काही करता येत नाही. साखळी सहज वळते, म्हणून उणे पन्नास अंशांतही सिलिकॉन मऊ राहते आणि दोनशे अंशांच्या आसपासही कडक होत नाही. त्यात मजबुतीसाठी काजळीऐवजी अतिसूक्ष्म सिलिका घालतात. ती वीज वाहत नाही, म्हणून वर सांगितलेली विद्युत-रासायनिक झीजही सिलिकॉनच्या पाईपाला ग्रासत नाही. जड पाण्याच्या मुलखात हा फायदा खरा आहे. पण ते पाणी रेडिएटरच्या नळ्या आणि हेड गॅस्केट यांना सोडणार नाही. निळा पाईप बसवून आत बोअरचे पाणी ओतत राहणे म्हणजे पाईप वाचवून इंजिन घालवणे.

ज्या मोकळ्या रचनेमुळे सिलिकॉन लवचीक राहते, तिच्यामुळेच त्याच्या काही उणिवाही येतात. साखळ्या एकमेकींना घट्ट धरत नाहीत, त्यामुळे एकदा चीर पडली की ती लवकर वाढते. फॅनच्या पात्याला, रेडिएटरच्या धारदार कडेला किंवा वायरिंगच्या क्लिपला घासणारा सिलिकॉनचा पाईप रबरापेक्षा लवकर फाटतो. याच रचनेतून पाण्याची वाफ थोडी थोडी बाहेरही झिरपते. पाईप कुठेही गळत नसताना काही महिन्यांत कूलंटची पातळी किंचित उतरली, तर कारण तेही असू शकते. म्हणून सिलिकॉन बसवल्यावर पातळी पाहण्याची सवय सोडायची नाही, उलट वाढवायची.

खालच्या पाईपाची गोष्ट तर निराळीच. वॉटर पंप त्यातून पाणी ओढतो, त्यामुळे आत दाबाऐवजी ओढ असते. म्हणून अनेक गाड्यांत त्या पाईपाच्या आत तारेची स्प्रिंग येते. मऊ सिलिकॉनचा पाईप स्प्रिंगशिवाय तिथे बसवला, तर जास्त आरपीएमला तो चपटा होतो, पाणी फिरायचे थांबते आणि इंजिन अचानक तापते. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत पाईप पुन्हा गोल झालेला असतो, आणि दोष सापडत नाही.

सिलिकॉनची खरी जागा टर्बोच्या गाडीत आहे. टर्बो हवा दाबतो, आणि दाबली की हवा तापते. भाराखाली टर्बोतून निघणारी हवा दीडशे अंशांच्या वर सहज जाते. मग ती इंटरकूलरमध्ये निवून इंजिनात जाते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा पाईप म्हणजे गरम बाजू, इंटरकूलरपासून इंजिनापर्यंतचा थंड बाजू. गरम बाजूला साधे रबर काही महिन्यांत कडक होऊन तडकते. दाबाचा हिशोबही लहान नाही. पाईपाचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि दाब दोन बार धरला, तर पाईपाला तोंडावरून ढकलणारा रेटा सुमारे ६८ किलोचा होतो. क्लॅम्प सैल असेल तर पाईप निसटतो. शिट्टीसारखा आवाज, गाडीला पिकअप नाही, मागे काळा धूर, ही त्याची लक्षणे पुणे-सोलापूर महामार्गावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या ओळखीची.

इथेही एक बारकावा आहे. इंजिनाच्या आतली तेलाची बारीक वाफ टर्बोतून येणाऱ्या हवेत मिसळलेली असते आणि साधे सिलिकॉन तेलाने फुगते. म्हणून चांगल्या टर्बो पाईपाला आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असते आणि मध्ये उष्णता सोसणाऱ्या ॲरामिड धाग्याचे थर. अस्तर नसलेला स्वस्त पाईप आतून पापुद्रे सोडतो आणि ते पापुद्रे इंटरकूलरमध्ये अडकतात. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन निकष लागू झाले, आणि पन्नास एचपीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन निकष आले. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत टर्बो, इंटरकूलर आणि कारखान्यातूनच आलेले सिलिकॉनचे पाईप असतात. अशा गाडीचा पाईप फाटला की घाईत साधा रबरी पाईप कापून बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. वाहन अपग्रेड करण्याची चर्चा खूप होते, पण अशी गुपचूप उतरण होऊ न देणे हंगामात जास्त मोलाचे असते.

धोक्याच्या जागा आता. डिझेलच्या, पेट्रोलच्या नळीला सिलिकॉन कधीही लावू नये. इंधन त्यात मुरते, नळी फुगते, वाफ बाहेर येते आणि गरम सायलेन्सर शेजारीच असतो. दौंड-शिरूरच्या उसाचा याच्याशी जवळचा संबंध आहे. साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते आणि २०२५मध्ये देशात हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल जुन्या मोटारसायकलींच्या काही रबरी नळ्यांना सोसत नाही. तिथे इथेनॉल सोसणारी, इंधनासाठीच बनवलेली नळी हवी. निळी सिलिकॉनची नळी दिसायला छान म्हणून बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. ट्रॉली उचलणाऱ्या हायड्रॉलिकची आणि ब्रेकची नळी याही सिलिकॉनच्या जागा नव्हेत. हायड्रॉलिकमध्ये दीडशे बारच्या पुढचा दाब असतो आणि त्याला तारेची जाळी घातलेला, तेल सोसणाराच पाईप लागतो.

विकत घेताना रंगावर जाऊ नका. निळा, लाल, काळा हे नुसते रंगद्रव्य आहे. दुकानात शंका आली तर पाईपाच्या कापलेल्या टोकाचा नखाएवढा तुकडा बाहेर नेऊन पेटवून पाहता येतो. खरे सिलिकॉन पांढरी, भुसभुशीत राख मागे ठेवते. रबर काळा धूर आणि काजळी सोडते. क्लॅम्पही बदलावा. खाचा असलेल्या साध्या क्लिपच्या खाचांतून मऊ सिलिकॉन वर येते आणि कापले जाते. आतून गुळगुळीत पट्टी असलेला किंवा टी-बोल्टचा क्लॅम्प घ्यावा. जिथे जमेल तिथे स्प्रिंगने ताण कायम ठेवणारा सर्वांत चांगला, कारण गरम-थंड होताना सिलिकॉन जास्त फुगते-आकसते. बसवण्यापूर्वी धातूच्या तोंडावरचा गंज आणि क्षार घासून साफ करावा, पाईपाला आतून ग्रीस किंवा ऑइल न लावता नुसते पाणी लावून सरकवावे, आणि गाडी दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर क्लॅम्प एकदा पुन्हा पाहावा. फार आवळूही नये.

पाण्याच्या जागी कूलंटच हवे. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, पण कूलंटमुळे उकळबिंदू वाढतो आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये धातूला वाचवतात. तयार मिळणारे घ्यावे, नाहीतर घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची गॅरेजांतली जुनी रीत मात्र सोडून द्यायला हवी. इंजिन कायम अर्धवट थंड राहते, डिझेल जास्त पिते, आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते.

माझा कौल असा. टर्बो नसलेल्या साध्या ट्रॅक्टरला सिलिकॉनची गरज नाही. चांगल्या कंपनीचा ईपीडीएमचा पाईप, नवा क्लॅम्प, नवे झाकण आणि कूलंट एवढ्या खर्चात तो कैक हंगाम ओढेल. पाईप चांगला दिसला तरी चार वर्षांनी बदलावा. टर्बोच्या ट्रकला आणि नव्या मोठ्या ट्रॅक्टरला गरम बाजूचा पाईप अस्तरवाल्या सिलिकॉनचाच हवा, आणि तिथे पैसे वाचवायला जाऊ नये. हे काम दसऱ्याच्या आसपास करून घ्यावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर गॅरेजवाल्यालाही उसंत नसते. काढलेले जुने पाईप भंगारवाल्याला द्या, गुऱ्हाळाच्या चुलवाणात टाकू नका. त्यातले गंधक आणि काजळी धुरावाटे काहिलीपर्यंत जाते, आणि तिथला गूळ घरोघरी खाल्ला जातो.